मेलेलं ढोर आणि काचेचं कपाट

प्रश्न साधा आहे. जबरदस्तीनं लादलेल्या कामातून माणसाला जे ज्ञान येतं ते त्यानं जपावं, की त्या कामासोबत तेही फेकून द्यावं? हा प्रश्न मी कुठल्या ग्रंथातून काढलेला नाही. आठवीतल्या माझ्या पुतण्यानं तो शाळेतून घरी आणला. तेव्हापासून तो आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताह म्हणून पाळतात. आमच्या अकोला-अमरावतीकडं त्या दिवसांत शाळांतून व्याख्यानं होतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, रविवारी पोरांना तळ्यावर पाखरं पाहायला नेतात. गोष्ट चांगली आहे. आमच्या वेळी आम्हाला असं कुणी कुठं नेलं नाही. आमचं निसर्गभ्रमण म्हणजे सरपण आणि शेण.

पुतण्याच्या शाळेत एक पाहुणे आले होते. शाळेचं नाव लिहीत नाही, पाहुण्यांचंही नाही. ही शाळा नसती तर दुसरी असती. पडद्यावर गिधाड आलं. पाहुण्यांनी विचारलं, "मेलेल्या जनावराचं गिधाड आधी काय खातं?" वर्ग गप्प. पुतण्या उभा राहिला. म्हणाला, "आधी डोये. मंग मांगून शिरते. कातडं जाड रायते ना, ते त्याच्यानं लवकर फाटत नाई. पन ढोर सोललेलं असन तं मंग काई नाई. घंटाभरात नुसते हाडकं."

उत्तर सोळा आणे खरं होतं. पाहुणे खूश झाले. "शाब्बास! तुला कसं रे माहीत?" पोरगं सांगणार की आमच्या आबानं सांगतलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्यायचा तो धंदाच होय." वर्ग हसला. पाहुण्यांना कळलं की नाही कोण जाणे, त्यांनी पुढचं चित्र लावलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "बस खाली."

त्या रविवारी कापशीच्या तलावावर जायचं होतं. पोरगं गेलं नाही. वहिनीनं डबा बांधून दिला होता, तो त्यानं घरीच खाल्ला.

रात्री बोलणं निघालं. वहिनी म्हणाली, "कायले उठला तू? गप बसाचं. सांगाची काय गरज होती?" माझे बाबा, म्हणजे पोराचा आबा, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक माही हाय. म्याच सांगतलं त्याले. सांगाले नव्हतं पायजे."

मी म्हणालो, "बाबा, तुमी काई खोटं सांगतलं का? शास्त्रबी तेच सांगते."

त्यावर ते उसळले. "शास्त्र? ते काय शिक्षन होतं? शिक्षा होती ते."

१९५६ साली बाबा बारा वर्षांचे होते. त्याआधी दोन-तीन वर्षं ते आपल्या बापामागं जात. दोराचं टोक धरायचं, कुत्रे हाकलायचे, हे पोराचं काम. आकाशात ठिपकाही नसताना गिधाडं कशी उतरतात, त्यांत आधी कोण टोचतं, म्हातारपणानं मेलेलं ढोर आणि रोगानं मेलेलं ढोर आतून कसं वेगळं दिसतं, हे त्यांनी नववा-दहावा उन्हाळा सरायच्या आत पाहून घेतलं. नाकातोंडातून काळं रक्त येत असेल आणि ते गोठत नसेल, तर त्या ढोराला सुरी लावायची नाही, हा तिथला नियम. पुढं पशुवैद्यकाच्या पुस्तकात मी वाचलं की हे फाशी रोगाचं, अँथ्रॅक्सचं लक्षण आहे. त्या पुस्तकातही तेच लिहिलं आहे: असं जनावर उघडू नका, खोल पुरा. आमच्या आज्याजवळ पुस्तक नव्हतं. कुणीतरी हात लावून मेल्याशिवाय हा नियम वस्तीला कळला नसणार. त्या ज्ञानाची फी अशी भरलेली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि आमच्या वस्तीनं काम सोडलं. आज्यानं दोर विहिरीत टाकला. गावानं काही महिने गिरणी बंद केली, दुकान बंद केलं. बाबांना आजही ते महिने आठवतात, पण दोर टाकल्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात जे भाषण केलं त्यात या प्रश्नाचा समाचार घेतलेला आहे. महारांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं म्हणून कातडं, शिंगं, हाडं यांचे पैसे बुडतात, त्यांचंच नुकसान होतं, असा हिशेब कुणी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांचं उत्तर रोखठोक होतं. इतका फायदा आहे तर हे काम तुम्हीच का करत नाही? आमची लढाई इज्जतीची आहे, लाभाची नाही.

पैशापुरतं हे उत्तर पुरं आहे. पैसा सोडला की सुटतो. ज्ञानाचं तसं होत नाही. दोर विहिरीत गेला, पण बाबांच्या डोक्यातलं ढोर विहिरीत गेलं नाही. ते तिथंच राहिलं, आणि साठ-सत्तर वर्षांनी एका संध्याकाळी त्यांनी नातवाजवळ ते काढलं. का काढलं? नातवानं विचारलं म्हणून. "आबा, गिधाड तुमी पायलं का?" असं पोरानं विचारलं, आणि ज्याला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं तो म्हातारा बोलत सुटला.

०००

मी आठ-नऊ वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा दीक्षाभूमीवर नेलं. वऱ्हाडातून पॅसेंजर भरभरून माणसं जात, आजही जातात. भाकरी फडक्यात, झोपणं मैदानात. परतायच्या आधी पुष्कळ मंडळी अजब बंगला पाहायला जात. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय ते, इंग्रजांनी १८६३ साली काढलेलं. पण लोकांच्या तोंडी नाव अजब बंगला. आम्हीही गेलो. मूर्ती पाहिल्या, हत्यारं पाहिली, आणि पेंढा भरलेल्या जनावरांच्या दालनात आलो.

सगळे लोक जनावरांचे डोळे आणि दात पाहत होते. बाबा खाली वाकून पोटाखालची शिवण पाहत होते. बराच वेळ पाहिली. मग माझ्या कानाजवळ हळू म्हणाले, "हेबी ढोर फाडनंच होय."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आता कळतो. पोटाखालून चीर द्यायची, कातड्याला छिद्र न पाडता ते मांसापासून सोडवायचं, चरबी खरवडायची, मीठ चोळायचं. इथपर्यंत आमचा आजा आणि संग्रहालयाचा कारागीर यांच्या हातात फरक नाही. पुढं कारागीर कातड्याला आतून औषध लावतो, पूर्वी सोमलाचा साबण लावत, आणि पेंढा, कापूस भरून शिवतो. आमच्याकडं ते कातडं चपलेला, मोटेला जाई. सुरी तीच, घाण तीच, माशा त्याच. पण एका हाताला विद्या म्हणतात आणि दुसऱ्या हाताचं पाणी चालत नाही. काचेआडचं मढं पाहायला तिकीट काढून रांग लागते. गावाबाहेरच्या मढ्याजवळ उभा असलेला माणूस दिसला तर लोक वाट बदलतात.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. युरोपातल्या विद्यापीठांत एके काळी गुरुजी उंच खुर्चीवर बसून जुना ग्रंथ वाचत आणि खाली प्रेत चिरायचं काम न्हावी करी. ग्रंथात चूक असली तरी गुरुजींना दिसत नसे, कारण ते वर होते. आणि न्हाव्याला दिसली तरी त्याला बोलायचा हक्क नव्हता. वेसालियस नावाचा माणूस खुर्चीवरून उतरला, स्वतः सुरी हातात घेतली आणि १५४३ साली त्यानं शरीराचा नवा ग्रंथ छापला. तिथून शरीरशास्त्र पुढं गेलं. आपल्याकडं १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेत चिरलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. फोर्ट विल्यमवरून तोफा झाडल्या असं सांगतात. पंडितजींचं धाडस मी कमी लेखत नाही. पण त्याच दिवशी हिंदुस्थानातल्या गावोगावी गावकुसाबाहेर माणसं मेलेली शरीरं उघडत होती. त्यांच्यासाठी तोफ सोडाच, घोटभर पाणी नव्हतं.

जात ही श्रमांची नुसती विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचं उच्चाटन' या भाषणात मांडलं. मला त्याच्या पुढं एवढंच म्हणायचं आहे की जातीनं हात आणि डोळा यांचीही फाळणी केली. ज्याचा हात शरीरात जातो त्यानं पाहायचं नाही, लिहायचं नाही. ज्याला लिहायचा हक्क आहे त्यानं हात लावायचा नाही. अशा देशात शास्त्र कुठून वाढणार? हजारो वर्षं ढोरं फाडली गेली आणि त्यातून एक ओळ लिहिली गेली नाही. यात नुकसान फक्त आमचं झालं असं समजू नका.

०००

हात आणि डोळा एका माणसाजवळ असतात तेव्हा काय होतं, हे पाहायचं तर अमरावतीहून मोर्शीच्या पलीकडं सातपुड्यात जावं. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत कड्याकपारींत आदिमानवानं काढलेली चित्रं आहेत. अमरावतीच्या हौशी निसर्गप्रेमींच्या गटानं, डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या सोबत्यांनी, २००७ साली ती उजेडात आणली. रविवारी जंगलात हिंडणारी ही मंडळी. पगारी संशोधक नव्हेत. निसर्गसहलीतून शास्त्रात भर पडू शकते याचं आपल्या वऱ्हाडातलं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

त्या गुहांना नाव पडलं अंबादेवी. अंबादेवी म्हटलं की आम्हाला दुसरंच आठवतं. अमरावती शहरातल्या अंबादेवीच्या देवळात जायचा हक्क मागायला नोव्हेंबर १९२७ मध्ये तिथं परिषद भरली होती, आणि अध्यक्ष बाबासाहेब होते. एका अंबादेवीच्या दारात माणसाला जात विचारली जात होती. दुसऱ्या अंबादेवीच्या कपारीत ज्यानं जनावरांची चित्रं काढली, त्याला कुणी जात विचारली नाही. तेव्हा जात जन्मली नव्हती. तो शिकारी माणूस होता. जनावर मारायचं, सोलायचं, वाटून खायचं, हे त्याच्या टोळीचंच काम. चित्रात पायाची ठेवण, मानेचा बाक बरोबर येतो, कारण हाड कुठं वळतं हे त्याच्या बोटांना ठाऊक असणार. त्याच बोटांनी रंग लावला. सोलणारा आणि चितारणारा वेगळे काढायची अक्कल माणसाला फार पुढं सुचली.

आता संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांविषयी. जनावराच्या पायाशी एक चिठ्ठी असते. जनावराचं नाव, कुठं मिळालं, कधी, कुणी आणलं. लोक तिला वेदवाक्य मानतात. मेळघाटात एक लहान घुबड आहे, रानपिंगळा. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याची शास्त्रात नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आपण शाळेत घोकतो तेच हे ह्यूम. १८८४ नंतर हा पक्षी कुणा शास्त्रज्ञाला मिळाला नाही. फक्त माइनर्ट्झहागन नावाच्या एका इंग्रज कर्नलचा दावा होता की १९१४ साली आपल्याला तो गुजरातेत मिळाला. लोक त्या चिठ्ठीवर विसंबून राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ते कातडं तपासलं, क्ष-किरणांखाली घातलं. चोरी उघडी पडली. संग्रहालयातलाच जुना नमुना उचलून, उसवून, पुन्हा शिवून त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली होती. मूळ पक्षी १८८०च्या सुमारास खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं मिळवलेला. भरण्याची आणि शिवण्याची एकेकाची पद्धत असते, तिच्या खुणा आत राहिल्या होत्या. बाबा अजब बंगल्यात शिवण पाहत होते ते उगीच नव्हे. चिठ्ठी खोटं बोलली तरी कातडं खोटं बोलत नाही.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर शोधायचं कुठं हे कळलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढं मेळघाटातही सापडला. ११३ वर्षं हरवलेला पक्षी मिळाला म्हणून जगभर बातमी झाली. बाईंच्या कामाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण हरवला होता तो कुणाला? हे घुबड दिवसा हिंडतं, उघड्या फांदीवर बसतं. त्याच जंगलात भिल्ल आणि कोरकू माणसं लाकूड, मोहफुलं वेचत होती, गुरं चारत होती. त्यांच्यासाठी तो हरवलेलाच नव्हता. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच. साहेबाच्या काळीही साहेब एकटा रानात शिरत नसे. पुढं वाटाड्या असे, मागं ओझं वाहणारा असे. चोराचं नाव पुसलं गेलं आणि डेव्हिडसनचं नाव परत आलं. वाटाड्याचं नाव मुळात चिठ्ठीवर नव्हतंच, मग परत कुठून येणार?

आणि गिधाड, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. १९९० नंतर आपल्या देशातली गिधाडं भराभर मेली. तीन जातींत शंभरातली नव्वदच्या वर गेली. कारण २००४ साली पुढं आलं. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध देत. ते ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडे. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. पुढं २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. गिधाडं गेल्यामुळं मढी कुजत पडली, कुत्री वाढली, पाणी नासलं, आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली असा त्यांचा अंदाज आहे.

पाच लाख. मेलेलं ढोर वेळेवर नाहीसं होणं ही गावाच्या जिवाची किती मोठी गोष्ट आहे, हे मोजायला २०२४ साल उजाडलं. आणि ते मोजलं गेलं गिधाडाच्या नावानं. त्याच ढोरावर गिधाडाच्या आधी वाकलेला एक माणूस होता. त्याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. उलट जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या चार दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं. गिधाड वाचवायला योजना आहेत, असाव्यातच. पण गिधाडाला कुणी त्याच्या धंद्यावरून हसत नाही.

०००

आता मूळ प्रश्न. जपायचं की फेकायचं?

फेका म्हणणाऱ्यांची बाजू मला कळते. बाबांची ती बाजू आहे आणि त्यांना ती शोभते. ज्यानं सोसलं त्याला विसरायचा हक्क आहे. पण फेकून काय होईल? आम्ही आमच्या तोंडानं ते ज्ञान नाकारू, आणि उद्या तेच ज्ञान पुस्तकातून दुसऱ्याच्या नावानं आमच्या पोराला शिकवलं जाईल. तेव्हा ते पोरगं मान खाली घालून लिहून घेईल. हा आणखी एक विटाळ झाला. या वेळी आपणच आपला मानलेला.

दुसरी बाजू गोड आहे, म्हणून जास्त धोक्याची. हल्ली काही भले लोक म्हणतात, तुमच्याजवळ पारंपरिक ज्ञान आहे, ते जपा, तुमची परंपरा टिकवा. परंपरा! शिक्षेची परंपरा कुणी टिकवतं का? अशा कौतुकात माणूस हळूच काचेच्या कपाटात जातो. आधी त्याच्या हातातली सुरी कपाटात, मग त्याचा पोशाख, मग तो. इंग्रजांच्या अमलात रिस्लेसाहेबांनी आपल्या लोकांची नाकं मोजली आणि नाकावरून वंश ठरवले. बाबासाहेबांनी काय केलं? त्यांनी मापं फेकून दिली नाहीत आणि मापापुढं मानही वाकवली नाही. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे या आकड्यांवरून ठरत नाही. मोजणाऱ्याची फूटपट्टी घेऊन त्यांनी मोजणाऱ्याचा सिद्धांत मोडला. मला हा रस्ता पटतो.

काम सोडणं हा हक्क होता, तो बजावला. ज्ञान म्हणजे काम नव्हे. ते आमच्या माणसांनी पाहून, पारखून, चुकून, मरून मिळवलेलं आहे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं की परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. आमच्या आज्यानं काळं रक्त पाहून सुरी मागं घेतली, तेव्हा त्यानं दुसरं काय केलं? ते पारखणं आमचं आहे. लाज त्याची आहे ज्यानं ते करायला लावलं.

पण एक अट आहे, आणि तिच्यावर माझा सगळा भर आहे. ते ज्ञान सांगायचं की नाही हे ज्यानं सोसलं तो ठरवील. वर्गात पोराला उभं करून "तुला कसं माहीत?" हे विचारायचा हक्क कुणाला आपोआप मिळत नाही. विचारायचं असेल तर आधी मागच्या बाकावरचा आवाज बंद करायची हिंमत पाहिजे. व्याख्यात्यांना, संग्रहालयवाल्यांना, सहली काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही गिधाड दाखवा, पण त्या ढोराजवळचा माणूस चित्रातून कापू नका. चिठ्ठी लिहा तर पुरी लिहा.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ शिवार फेरी काढतं. विद्यापीठ १९६९ चं. गावोगावचे शेतकरी येतात, कपाशी, तूर, सोयाबीनचे नवे वाण उभ्या पिकात पाहतात, प्रश्न विचारतात. कागदापेक्षा बांधावर शास्त्र लवकर कळतं, म्हणून मला ही फेरी आवडते. पण फेरीत मला नेहमी निंदणारी बाई आठवते. सात-बारा तिच्या नावावर नाही, म्हणून शेतकरी या शब्दात ती बसत नाही. कपाशीच्या प्रत्येक ओळीतून ती वाकून गेलेली असते. बोंडअळी आधी कुठल्या फुलात शिरली हे मालकाआधी तिला दिसतं. अशा फेरीत एक दिवस ती पुढं चालावी आणि सायबांनी मागून वही घेऊन चालावं, असं मला वाटतं. तिची मर्जी असेल तर. आणि त्या दिवसाची मजुरी तिला मिळाली पाहिजे.

०००

नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. कपडे आहेत, टाईपरायटर आहे. कापड विरू नये म्हणून शास्त्रीय पद्धतीनं प्रक्रिया केलेली आहे. ते आमचं संग्रहालय. आम्हीही काचेआड वस्तू ठेवतो, पण ज्यानं आम्हाला उभं केलं त्या वस्तू.

मी बाबांना विचारलं, "बाबा, उद्या आपल्या लोकायनं गावात असं एक दालन काढलं, तं आज्याचा दोर त्यात ठेवाचा का?"

बाबा म्हणाले, "दोर विहिरीत हाय."

"दुसरा आनू. तसाच."

ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठेवा पायजे तं. पन त्याच्यावर आमचं नाव लिवू नका. ज्यायनं वढाले लावला त्यायचं लिवा."

पुतण्या ऐकत होता. त्यानं मला विचारलं, "काका, मी तलावावर गेलो अन् कोनी पुन्हा इचारलं तं?"

मी म्हणालो, "वाटलं तं सांग, नाई वाटलं तं नको सांगू. पन पाहाले जाय. पाखरं काई त्यायच्या बापाचे नोय."

तो काही बोलला नाही. आबाकडं पाहिलं. आबा म्हणाले, "जाय ना बाप्पा. आम्हाले कोनी पाहू देल्लं नाई. तू पाय."

थंडीत कापशीवर बाहेरदेशची बदकं उतरतात. येत्या रविवारी आम्ही तिघंही जाणार आहोत. शाळेसोबत नाही, आमचे आम्ही. दुर्बीण नाही. बाबांची नजर या वयातही चांगली आहे.